चिंचेचं वळण

रविवारची मिस्सा सुटली की अर्ध्या तासात आल्बर्टच्या गॅरेजसमोर गाड्या जमायला लागायच्या. तीन फियाट, एक अँबॅसिडर, एक जुनी जीप आणि पुढे पुढे एक पांढरी मारुती. बॉनेट उघडी आणि माणसं आत डोकी घालून उभी. भाजीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "जमले बघ रिकामटेकडे!" आणि त्या हे अशा बेताने म्हणायच्या, की बॉनेटखाली नीट ऐकू जावं.

हे होतं वसईचं मोटर मंडळ. सत्त्याण्णव साली त्याला पाच वर्षं झाली होती. अध्यक्ष जयवंत, कारण शेत त्याचं. वेळ लावणारा आल्बर्ट, कारण स्टॉपवॉच त्याचं. उरलेल्यांत एक प्रल्हाद होता, ज्याच्याकडे सासऱ्यांनी दिलेली शहात्तर सालची निळी फियाट होती आणि दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

प्रल्हाद कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. बाटल्या, तराजू, नळ्या, अ‍ॅसिड. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून थेंब सांडला नव्हता, असं त्याचे सर म्हणायचे. पन्नाशीला टेकलेला हा माणूस वर्गाच्या दारातून आत जातानाही आधी डोकावून बघायचा. असा माणूस शर्यतीत काय करतो, हे मंडळातल्या कोणालाच कळलं नव्हतं आणि त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच खरं, की आठवड्यातून एकदा तो त्या फियाटीत बसून क्लच सोडायचा तेव्हा त्याचे कान गरम व्हायचे, आणि ते त्याला आवडायचं.

शर्यत म्हणजे तरी काय! जयवंतचं भाताचं शेत कापणी झाली की रिकामं व्हायचं. बांध सपाट करायचे, चारही कोपऱ्यांना चुन्याचे दगड ठेवायचे आणि एकेका गाडीने दोन फेऱ्या मारायच्या. दोन गाड्या एकदम सोडायच्या नाहीत, कारण मंडळाच्या दुसऱ्याच रविवारी जीप आणि अँबॅसिडर एकमेकींना अशा बिलगल्या होत्या की सोडवायला बैल आणावे लागले. तेव्हापासून भांडण फक्त घड्याळाशी.

त्या शेताच्या पार टोकाला एक चिंच होती. बाकीची वळणं ऐसपैस, पण चिंचेपाशी वळण काटकोनात. आतल्या बाजूला चिंचेचा बुंधा, बाहेरच्या बाजूला कृष्णाबाईची केळीची वाडी. तिथे प्रत्येकाचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. प्रल्हादचा तर चिंच दिसली रे दिसली की जायचा.

"प्रल्हाद, मेल्या, तू चिंचेकडे बघतोस कशाला?" आल्बर्ट दर रविवारी म्हणायचा. "चिंच काय तुझ्या अंगावर धावून येते काय?"

"बघत नाही रे. ती दिसते."

"मग नजर पुढे ठेव. पाइपाकडे ठेव."

पाइप म्हणजे वळणाच्या पुढे चाळीसेक पावलांवर, जिथे पाण्याचा पाट मैदान ओलांडत होता, तिथे पुरलेला सिमेंटचा पाइप. विहीर अलीकडच्या कोपऱ्यात होती, चौघांच्या मालकीची. रविवारी दहा ते बारा पाण्याची पाळी कृष्णाबाईची. पंप सुरू झाला की पाणी पाटातून निघायचं, पाइपातून मैदानाखालून जायचं आणि पलीकडे तिच्या केळींना मिळायचं. गाड्या पाइपावरून जायच्या. वरच्या मातीच्या दांडाला धक्का लावायचा नाही, ही कृष्णाबाईने घातलेली एकमेव अट होती. तीही अशी, "दांड फोडाल तर तुमच्या गाड्यांच्या काचा फोडीन."

अट वावगी नव्हती. त्या वर्षांत वसईचं पाणी टँकरमध्ये भरून शहराकडे चाललं होतं. बावखलं, म्हणजे वाड्यांतली तळी, एप्रिल लागण्याआधीच तळ दाखवत होती. किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. ज्या पंपाला पूर्वी दोन तास पाणी पुरायचं तो आता सव्वा तासात हवा ओढायला लागायचा. प्रल्हाद नोकरीत गेला होता तरी वाढला होता वाडीतच. लहानपणी घरात पान वाढलेलं असलं आणि बाहेरून कोणी ओरडलं, "पाट फुटला!" की वडील, काका, तो, सगळे ताटावरून उठून धावायचे. पाट कोणाचा, पाळी कोणाची, हे विचारायचं नसायचं. ज्याला दिसला त्याने आधी बुजवायचा. उष्ट्या हातांनी बुजवलेले पाट त्याला आठवायचे.

त्या वर्षी जानेवारीत मंडळाला मुंबईच्या एका मोठ्या क्लबचं पत्र आलं. मार्चमध्ये त्यांच्या मैदानावर स्पर्धा होती. वसईतून दोन गाड्या पाठवा, म्हणाले. आल्बर्टने ते पत्र गॅरेजच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीच्या खाली चिकटवलं. पहिलं नाव जयवंतचं, त्यावर वाद नव्हता. दुसऱ्यासाठी फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी दोनदा गाडी पळवायची आणि दोन्ही वेळांची बेरीज धरायची, असं ठरलं.

प्रल्हादने घरी सांगितलं तेव्हा त्याची बायको वसुंधरा तांदूळ निवडत होती.

"मुंबईला? शर्यतीला? तुम्ही?"

"म्हणजे... जमलं तर."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा लग्नकार्यातला पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलेला दिसला. "जमलं तर लागेल," ती म्हणाली. "तिकडे फोटो काढत असतील."

त्या रात्री प्रल्हाद दोनदा उठून त्या शर्टाकडे बघून आला. पाच वर्षांत तो सहांमध्ये पाचवा यायचा, कधी जीप बंद पडली तर चौथा. त्याला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आता एकदम वाटायला लागलं. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव कोणीतरी मोठ्याने वाचावं.

रविवारी सकाळी चमत्कार झाला. पहिल्या खेपेला तो आला एक मिनिट चौपन्न सेकंदांत. आल्बर्टने स्टॉपवॉच कानाला लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. जयवंत एक एकावन्न. उमंग एक छप्पन.

उमंग म्हणजे मारुतीवाला, एव्हरशाईन सिटीत नव्याने राहायला आलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. गॉगल, पायात पांढरे बूट, वागायला चांगला. "अंकल, क्या बात है!" त्याने प्रल्हादचा हात धरून जोरात हलवला. "पण सेकंड रनमध्ये सोडणार नाही हां."

दुसऱ्या खेपेला उमंग आला एक पंचावन्नला. म्हणजे प्रल्हादला पुरे होते एक छप्पन. पहिल्या खेपेपेक्षा दोन सेकंद जास्त घेतले तरी मुंबई त्याची होती.

"हिशोब करू नको," आल्बर्ट खिडकीत वाकून म्हणाला. "नजर पाइपावर. चिंच नाही. पाइप."

निशाण पडलं आणि प्रल्हादने क्लच सोडला.

पहिली फेरी त्याला पुढे कितीतरी वर्षं इंचाइंचाने आठवत राहिली. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली ओढला तेव्हा आलेला तो खटका. पायाखालच्या पत्र्यावर उडणारे खडे. चिंच आली आणि त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं नाही. पाय जिथे होता तिथेच राहिला. गाडी वळणातून बाहेर फेकल्यासारखी निघाली, जरा जास्तच बाहेर. पाइपावरून जाताना मागचं चाक कशावर तरी चढून धप्पकन खाली आलं. लागला वाटतं दांड, असं मनात येऊन गेलं, पण तोपर्यंत तो विहिरीपाशी पोचला होता आणि जयवंत दोन्ही हात वर करून नाचत होता.

दुसरी फेरी. लांबची सरळ बाजू. मग धूळ.

आणि मग एकदम पाणी.

पाइपाच्या तोंडाशी दांड हातभर खचला होता. पाटातलं सगळं पाणी पाइपात न जाता मैदानावर पसरत होतं, उन्हात चकाकत, वाट मिळेल तिकडे. कोरड्या ढेकळांत शिरताना ते बुडबुडत होतं.

पुढे जे झालं ते प्रल्हादने ठरवून केलं नाही. गाडी थांबली, दार उघडं राहिलं, इंजिन चालू राहिलं आणि तो गुडघाभर चिखलात उभा होता. बाजूच्या केळीवरून त्याने वाळकं सोपट ओरबाडलं, भगदाडात आडवं घातलं, वर ढेकळं, ओंजळी भरभरून चिखल, टाचेने दाबला, परत चिखल. मागे कोणीतरी ओरडत होतं. विहिरीकडून जयवंतचा आवाज येत होता, "प्रल्हादऽऽ! अरे गाडी! गाडी!" उमंग हॉर्न वाजवत होता. प्रल्हादला ते सगळं ऐकू येत होतं, जसं जेवताना शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येतो.

पाणी वळलं. पाइपात शिरताना त्याने तो ओळखीचा घळघळ आवाज केला. तेव्हा प्रल्हादने मान वर केली आणि त्याला आठवलं की आपण शर्यतीत आहोत.

कृष्णाबाई फावडं टेकत, लंगडत, चिंचेकडून येत होती. तिच्या लुगड्याला माती लागली होती.

"मेल्या! अंगावर गाडी घालतोस? मारून टाकतोस की काय म्हातारीला?"

"बाई, पाट फुटला होता. बुजवला."

"पाट बुजवलास आनि माझा पाय मोडलास! पानी माझं, पाय पन माझा!"

पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. प्रल्हादने तिची माफी मागितली, तिला हाताला धरून वाडीत नेऊन बसवलं, मग परत येऊन गाडीत बसला आणि उरलेली फेरी चिखलाच्या पायांनी पुरी केली. आल्बर्टने स्टॉपवॉच दाबलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

मग मैदानात वाद सुरू झाला.

"पाण्याचा वेळ वजा करा," जयवंत म्हणाला. "पाट फुटलेला बघून काय तसाच पुढे जाणार होता तो? मी असतो तरी उतरलो असतो."

"जयवंत अंकल, पण कुठल्या रूलमध्ये आहे हे?" उमंग खरंच गोंधळला होता. "गाडी थांबली तर थांबली ना? आणि पाट त्यांच्याच गाडीने फुटला."

"रूल कसला? पाणी चाललं होतं, पाणी!"

"पंप बंद करता आला असता. दोन मिनिटं पाणी गेलं तर काय होतं?"

यावर जयवंत आणि आल्बर्टने एकमेकांकडे अशा नजरेने बघितलं, की उमंगला आपण काय चुकीचं बोललो ते कळेना. आल्बर्ट डोकं खाजवत म्हणाला, "किती वजा करायचे ते तरी कोण सांगणार? थांबला कधी, ते धुळीत दिसलं नाही मला."

"उमंगचं बरोबर आहे," प्रल्हाद म्हणाला. "त्यालाच पाठवा."

तो हे इतक्या झटकन बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी आला तेव्हा वसुंधराने त्याच्या विजारीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. सगळं ऐकून घेतलं. शर्ट खुंटीवरून काढून घडी घालता घालता ती हसली आणि म्हणाली, "खरं सांगा, भ्यालात ना?"

तिने ते गमतीने म्हटलं होतं. पाच मिनिटांत ती विसरूनही गेली असेल. पण तो प्रश्न प्रल्हादच्या घरात राहायलाच आला.

कारण दुसऱ्या फेरीत चिंचेपाशी काय झालं, ते त्याला आठवत नव्हतं. पहिली फेरी सगळी आठवत होती. दुसऱ्या फेरीतली धूळ आठवत होती, पाणी आठवत होतं. मधलं वळण पुसून गेलं होतं. पाय उचलला होता का आपण? चिंच दिसताच नेहमीसारखे कचरलो होतो का? गाडी आधीच हळू झाली असेल, आपल्यालाच मुंबई नको असेल, आणि तेवढ्यात बरं झालं, पाणी दिसलं. नाहीतर उमंगचं नाव आपण इतक्या पटकन का घेतलं? तो रात्री अंथरुणावर उजवा पाय हळूच दाबून बघायचा, पायाला काही आठवतं का म्हणून. पायाला आठवायचं नाही.

मार्चमध्ये उमंग मुंबईला जाऊन शेवटून दुसरा आला. "अंकल, तिकडे सगळे प्रोफेशनल," तो म्हणाला. "तुम्ही असता तर मजा आली असती." दोन वर्षांनी जयवंतच्या भावांनी वाटणी मागितली आणि शेत गेलं. मंडळ मोडलं असं कोणी कधी म्हटलं नाही. रविवारी गाड्या येईनाशा झाल्या, एवढंच. आल्बर्टने पत्राचा चिकटपट्टीचा डाग भिंतीवर तसाच ठेवला.

राहिली ती कृष्णाबाईची तक्रार. बाजारात, लग्नात, पिठाच्या गिरणीवर, ती प्रल्हादला बघितलं की शेजारणीला सांगायची, "हाच तो. माझ्या अंगावर गाडी घातली याने." लोक हसायचे. प्रल्हाद मान खाली घालून हसायचा. तो एवढा संथ गाडी चालवणारा माणूस, की ही गोष्ट म्हणजे म्हातारीची अतिशयोक्ती, असंच सगळे धरून चालले होते. तोही.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात प्रल्हादला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. कृष्णाबाई ओट्यावरून पडल्याचं कळलं, म्हणून तो आणि वसुंधरा सुकेळ्यांचा पुडा घेऊन तिला बघायला गेले. नव्वदीच्या घरातली बाई खाटेवर पाय लांब करून बसली होती. नात इशिता तिला चहा पाजत होती.

"आला का?" कृष्णाबाई म्हणाली. "इशिता, हाच तो बघ, माझ्या अंगावर..."

"गाडी घालणारा. आजी, मला पाठ आहे."

"हसू नको. हाच पाय होता. तेव्हापासून कच्चा ऱ्हायला, म्हनून आता मोडला."

"बाई, अजून किती वर्षं सांगणार?" प्रल्हाद ओशाळून म्हणाला. "तुम्ही तरी मैदानात मध्येच कशाला आलात त्या दिवशी?"

"मध्येच?" म्हातारी चहाचा कप बाजूला सारून ताठ झाली. "माझ्या केळींचं पानी बंद झालं, बघायला नको? आनि मी काय कुठूनपन ओलांडायचे का? मी चिंचेपाशीच ओलांडायचे. तुमच्या सगळ्यांच्या गाड्या तिथे बैलगाडीवानी हळू व्हायच्या. तो जयवंता मोठा शूर, त्याचीपन व्हायची. तुझी तर सगळ्यात जास्त. मी म्हटलं, प्रल्हादच आहे, येऊ दे. पाऊल टाकलं. आनि तू मेला हळूच झाला नाहीस! गाडी नुसती केकाटत आली. मी वाडीच्या कडेच्या मिरच्यांत उडी टाकली म्हनून वाचले. पाच वर्षांत तूच एक थांबला नाहीस तिथे."

इशिता हसत होती. वसुंधराही हसायला लागली होती, पण तिची नजर नवऱ्याकडे गेली आणि ती थांबली.

प्रल्हाद हसत नव्हता. हातभर अंतराने एक बाई वाचली होती, आणि हे तो आज ऐकत होता. म्हणजे नऊ वर्षं ती हेच सांगत होती आणि त्याने ऐकलं नव्हतं. तो खाटेजवळ वाकला आणि त्याने प्लास्टर घातलेल्या पायाला हात लावून नमस्कार केला.

"आता कशाला पाया पडतोस?"

"चुकलंच बाई माझं."

"चुकलंच. पाट मात्र बरा बुजवलास. बरेच दिवस टिकला."

घराबाहेर निळी फियाट उभी होती. दोघं बसले. गाडी आगाशीच्या रस्त्याला लागली. प्रल्हाद नेहमीसारखा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, सायकलवाल्यांना वाट देत चालवत होता. त्याचे कान गरम झाले होते.

"मी तुम्हाला त्या दिवशी काहीतरी बोलले होते," वसुंधरा म्हणाली.

"आठवतं तुला?"

"आत्ता आठवलं. भ्याला नव्हतात, तर तेव्हाच सांगायचं ना मला."

"मलाच कुठे माहीत होतं?"

जयवंतचं शेत होतं तिथे आता चार मजली इमारती होत्या, गच्च्यांवर काळ्या टाक्यांच्या रांगा, फाटकाशी पाण्याचा टँकर उभा. चिंच मात्र बिल्डरने ठेवली होती, कुंपणाच्या आत, बुंध्याला गोल पार बांधून. रस्ता जुन्या मैदानाच्या कडेने तिच्यापाशीच काटकोनात वळत होता. प्रल्हादने चिंचेकडे नीट बघितलं. मग त्याने गिअरचा दांडा खाली ओढला आणि गाडीला वेग दिला.

"अहो, हळू!" वसुंधराने दार घट्ट धरलं. "तिथे गतिरोधक आहे."

"माहितीये," प्रल्हाद म्हणाला, आणि ब्रेक दाबला.